फिरवणे आणि उलथणे : समांतरभुज चौकोनाला सममिती आहे की नाही?

खानापूर तालुक्यातील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. समांतरभुज चौकोनाला किती सममिती अक्ष असतात, या चाचणीतील प्रश्नाला तिने ‘दोन’ असे उत्तर लिहिले आणि दोन्ही कर्ण काढून दाखवले. उत्तर चुकीचे ठरले. घरी आल्यावर तिने जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा समांतरभुज चौकोन कापला, तो एका कर्णावर कातरीने दुभंगला आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, तर ते तंतोतंत जुळले. दोन भाग अगदी सारखे असताना कर्ण हा सममितीचा अक्ष का नाही, हा तिचा प्रश्न आहे. आणि आईचा प्रश्न असा, की प्रतिबिंब सममिती व घूर्णन सममिती या दोन गोष्टी पुस्तकात एकाच प्रकरणात का दिल्या आहेत आणि त्यांचा परस्परांशी संबंध काय.

उत्तर आधी सांगतो. समांतरभुज चौकोनाला सममिती अक्ष, म्हणजे जिच्यावर दुमडल्यास आकृतीचे दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात अशी रेषा, एकही नसतो, परंतु त्याला घूर्णन सममिती, म्हणजे फिरवण्याची सममिती, असते आणि तिची कोटी दोन असते, कारण एका पूर्ण फेरीत तो दोनदा पहिल्यासारखा दिसतो. म्हणजे मुलीचे उत्तर चूक होते, पण तिचा प्रयोग चूक नव्हता. त्या प्रयोगाने जे सिद्ध झाले, ते तिने समजले त्याहून वेगळे होते.

बेळगाव आणि खानापूर या दोन तालुक्यांतील शाळांमध्ये मी एकतीस वर्षे गणित शिकवले. पहिली काही वर्षे मी स्वतःच फळ्यावर असे लिहून देत असे, की ‘जी रेषा आकृतीचे दोन समान भाग करते ती सममितीची रेषा’. हे वाक्य सोपे आहे, मुलांना लगेच पाठ होते, आणि ते चूक आहे. ती चूक माझ्या लक्षात आणून दिली ती वडगावच्या एका विणकर कुटुंबातील मुलाने. त्या प्रसंगाकडे पुढे येतो. समान भाग होणे ही सममिती अक्षासाठी आवश्यक गोष्ट आहे, परंतु ती पुरेशी नाही. आयताच्या कर्णाने त्याचे दोन समान त्रिकोण होतात. वर्तमानपत्राचा एक कागद घेऊन तो कर्णावर दुमडून पाहा, कोपरे एकमेकांपासून दूर पडतात आणि दोन त्रिकोणी टोके बाहेर डोकावतात. भाग समान आहेत, पण दुमडल्यावर ते एकमेकांवर येत नाहीत. एक भाग दुसऱ्यावर *कोणत्या हालचालीने* येतो, हा सममितीचा खरा प्रश्न आहे.

या हालचाली मुलांना समजावून देण्यासाठी आपल्या भागातील प्रत्येक स्वयंपाकघरात उत्तम साधन आहे. ज्वारीची भाकरी थापताना ती परातीत हाताखाली गोल फिरत राहते. तिची वरची बाजू वरच राहते, फक्त तिची दिशा बदलते. तीच भाकरी तव्यावर गेली की काही वेळाने ती उलथावी लागते. आता खालची बाजू वर येते. परातीत घडते ते घूर्णन आणि तव्यावर घडते ते परावर्तन, म्हणजे आरशातील प्रतिबिंबाची हालचाल. कागद दुमडणे, आरसा उभा धरणे आणि कागद पालथा घालणे ही तिन्ही एकाच क्रियेची रूपे आहेत, कारण तिन्हींत आकृतीची उजवी-डावी बाजू बदलते. कागद टाचणीभोवती फिरवण्यात ती बदलत नाही. (आमच्याकडच्या कन्नड घरांतील मुले आरशाला ‘कन्नडी’ म्हणतात, आणि सममितीचा कन्नड शब्दही आपल्या शब्दाच्या अगदी जवळचा आहे, त्यामुळे हा धडा दोन्ही माध्यमांच्या मुलांना एकत्र बसवून शिकवण्यात मला कधी अडचण आली नाही.)

आता मुलीच्या प्रयोगाकडे परत जाऊ. कर्णावर कापलेले दोन त्रिकोण एकमेकांवर ठेवताना तिने एक तुकडा पालथा घातला होता का, हे तिला विचारावे. तिने तो पालथा घातलेला नसणार. टेबलावर सरकवत, अर्धी फेरी फिरवून तो दुसऱ्यावर ठेवला असणार. पुठ्ठ्याची एक बाजू छापील आणि दुसरी कोरी असेल तर हे लगेच उघड होते, कारण जुळलेल्या दोन्ही तुकड्यांची छापील बाजू वरच राहिलेली दिसेल. म्हणजे तिने उलथण्याची नव्हे, तर फिरवण्याची सममिती शोधून काढली होती. त्याच चौकोनाची न कापलेली प्रत घेऊन कर्णावर छोटा आरसा उभा धरावा. आरशासमोरचा त्रिकोण आणि त्याचे प्रतिबिंब मिळून जी आकृती दिसेल ती समांतरभुज चौकोनाची नसेल, ती पतंगाची, म्हणजे लगतच्या समान बाजूंच्या दोन जोड्या असलेल्या चौकोनाची असेल. आरशात पतंग दिसला, की कर्ण हा अक्ष नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे नेमकेपणाने मांडायचे तर चौकोनाला कखगघ अशी नावे द्यावीत आणि कग व खघ हे कर्ण जिथे छेदतात त्या बिंदूला म हे नाव द्यावे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हे मुलांनी आधीच शिकलेले असते. म पाशी टाचणी टोचून आकृती अर्धी फेरी, म्हणजे १८० अंश फिरवली, की क हा ग च्या जागी जातो आणि ग हा क च्या जागी येतो, कारण दोघेही म पासून सारख्याच अंतरावर, परस्परविरुद्ध दिशांना आहेत. ख आणि घ यांचेही तसेच होते. चारही कोपरे आपापसांत जागा बदलून पुन्हा त्याच चार जागांवर बसले, म्हणजे संपूर्ण आकृती स्वतःवर बसली. याउलट कग या कर्णावर दुमडल्यावर आकृती स्वतःवर बसायची असेल तर ख हा घ वर पडला पाहिजे, आणि त्यासाठी कख व कघ या लगतच्या बाजू समान असल्या पाहिजेत. परंतु लगतच्या बाजू समान असलेला समांतरभुज चौकोन म्हणजे समभुज चौकोन. साध्या समांतरभुज चौकोनाकडे ही समानता नसते, म्हणून त्याचा कर्ण अक्ष होऊ शकत नाही.

कर्ण सोडून दुसरी एखादी रेषा अक्ष होऊ शकेल का, असे चौकस मूल विचारते आणि ते विचारलेच पाहिजे. त्याचे उत्तर मोजणीत आहे. आकृती एखाद्या अक्षावर दुमडली की प्रत्येक कोपऱ्याला दुसऱ्या बाजूला एक जोडीदार मिळतो. जोडीदार मिळत नाही तो फक्त अक्षावरच बसलेल्या कोपऱ्याला. चौकोनाला चार कोपरे असल्यामुळे अक्षावर एक तर दोन कोपरे असतील किंवा एकही नसेल. दोन असतील तर अक्ष हा कर्ण झाला, आणि त्याचा निकाल वर लागला. एकही नसेल तर अक्ष समोरासमोरच्या दोन बाजूंच्या मधून, त्यांना काटकोनात छेदून जावा लागतो, आणि समांतरभुज चौकोनात असे घडले की त्याचा प्रत्येक कोन काटकोन होऊन तो आयत बनतो. तिसरी शक्यता उरत नाही.

याच विचाराने चौकोनांचे सगळे कुटुंब एका नजरेत दिसू लागते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. समांतरभुज चौकोनाजवळ फक्त अर्ध्या फेरीची सममिती आहे. त्याला कर्णाचे अक्ष जोडले की समभुज चौकोन मिळतो, बाजूंच्या मध्यांमधून जाणारे अक्ष जोडले की आयत मिळतो, आणि दोन्ही प्रकारचे अक्ष एकदम जोडले की चौरस मिळतो, ज्याला चार अक्ष आहेत आणि जो पाव फेरीतही स्वतःवर बसतो. दुसऱ्या बाजूला पतंग आणि समद्विभुज समलंब चौकोन आहेत. पतंगाला एक कर्ण हा अक्ष म्हणून मिळतो, समलंबाला समांतर बाजूंच्या मध्यांमधून जाणारी रेषा मिळते, पण या दोघांनाही पूर्ण फेरीशिवाय स्वतःवर बसता येत नाही. म्हणजे समांतरभुज चौकोन आणि पतंग हे एकमेकांच्या अगदी उलट आहेत : एकाजवळ फिरवणे आहे पण उलथणे नाही, दुसऱ्याजवळ उलथणे आहे पण फिरवणे नाही. मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा ही दोन पुठ्ठ्याची चित्रे हातात द्यावीत.

कोटी या शब्दाबद्दल थोडे सांगतो, कारण तिथे गुण जातात. आकृती आपल्या केंद्राभोवती एक पूर्ण फेरी फिरवताना ती जितक्या वेळा पहिल्यासारखी दिसते, ती संख्या म्हणजे घूर्णन सममितीची कोटी, आणि शेवटची ३६० अंशांची स्थितीही त्यात मोजायची असते. त्यामुळे कोणत्याही आकृतीची कोटी निदान एक असतेच, शून्य कधीच नसते. आणि कोटी एक म्हणजे घूर्णन सममिती नाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा. ३६० ला कोटीने भागले की सर्वांत लहान घूर्णनकोन मिळतो. समभुज त्रिकोणासाठी १२० अंश, चौरसासाठी ९०, सुसम षट्कोनासाठी ६०, आणि राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला २४ आरे असल्यामुळे १५ अंश. घरी पडताळा पाहताना आकृतीवर बटर पेपर ठेवून ती गिरवावी, केंद्रावर टाचणी टोचावी, आणि गिरवलेल्या आकृतीच्या एका कोपऱ्यावर पेनने ठिपका द्यावा. ठिपका नसेल तर आकृती किती फिरली, हे चौथ्या-पाचव्या वेळी मुलाच्या लक्षात राहत नाही आणि मोजणी चुकते.

सुसम बहुभुजाबाबत नियम एका ओळीचा आहे : जितक्या बाजू तितके अक्ष आणि तितकीच कोटी. पण अक्ष कुठून जातात, हे मघाच्या जोडीदारांच्या हिशेबातूनच कळते. सुसम पंचकोनाचे कोपरे पाच, म्हणजे विषम. जोड्या लावल्यावर एक कोपरा उरणारच आणि तो अक्षावर बसणारच, म्हणून त्याचा प्रत्येक अक्ष एका कोपऱ्यातून निघून समोरच्या बाजूच्या मध्यातून जातो. षट्कोनात मात्र तीन अक्ष समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आणि तीन अक्ष समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यांतून जातात. वर्तुळाचा व्यास कोणताही घ्या, तो अक्षच आहे, आणि कितीही अंशांत फिरवा, वर्तुळ तेच राहते. खानापूरच्या कुंभाराच्या चाकावर हात स्थिर धरला की मडक्याला हीच सममिती आपोआप मिळते. त्या मडक्याला एका बाजूला कान जोडला, की सगळी घूर्णन सममिती एका क्षणात नाहीशी होते आणि कानाच्या मधून उभे कापणारे एकच प्रतल सममितीचे उरते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे दोन्ही सममिती एकाच प्रकरणात का, याकडे वळू. याचे उत्तर पुस्तकात सहसा सांगितलेले नसते आणि वर्गात त्याला वेळही मिळत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषांवर एकापाठोपाठ एक अशी दोन परावर्तने केली, तर त्यांचा एकत्रित परिणाम घूर्णनाचा असतो, आणि ते घूर्णन त्या दोन रेषांमधील कोनाच्या दुप्पट असते. दोनदा उलथलेली भाकरी पुन्हा पहिली बाजू वर करूनच बसते, पण दोन्ही वेळा उलथणे एकाच रेषेवर नसेल तर ती थोडी फिरलेली असते.

आकड्यांत पाहू. एका बिंदूतून निघणाऱ्या दोन रेषा घ्या. पहिली शून्य अंशांवर आणि दुसरी ४५ अंशांवर. पहिल्या रेषेपासून १० अंशांवर एक खूण करा. पहिल्या रेषेवर दुमडल्यावर ती खूण रेषेच्या खाली १० अंशांवर जाईल. तिथून दुसरी रेषा ५५ अंश दूर आहे, म्हणून दुसऱ्या रेषेवर दुमडल्यावर खूण तिच्या पलीकडे ५५ अंशांवर, म्हणजे १०० अंशांवर पडेल. खूण १० वरून १०० वर गेली, म्हणजे ९० अंश फिरली. आणि ४५ ची दुप्पट ९० आहे. खूण १० ऐवजी २० किंवा ३० अंशांवर घेतली तरी फरक ९० चाच येतो, हे मुलांकडून करून घ्यावे. चौरसाचे लगतचे अक्ष ४५ अंशांवर असतात आणि तो ९० अंशांत स्वतःवर बसतो, याचे कारण हेच आहे.

यातून एक मोठी गोष्ट निघते. ज्या आकृतीला एकमेकांना छेदणारे दोन सममिती अक्ष आहेत, तिला घूर्णन सममिती असलीच पाहिजे. दोन अक्ष आहेत पण घूर्णन सममिती नाही, अशी आकृती काढताच येत नाही. शिवाय एक जरी अक्ष असेल, तर त्याला प्रत्येक घूर्णनाची जोड देऊन नवे अक्ष मिळतात, त्यामुळे मर्यादित कोटीच्या आकृतीत अक्षांची संख्या एक तर शून्य असते किंवा कोटीइतकीच असते. कोटी चार आणि अक्ष दोन, किंवा कोटी सहा आणि अक्ष तीन, असे उत्तर कुठे आले तर मोजणी चुकली आहे, असे खुशाल समजावे. उत्तरपत्रिका तपासताना मी याच कसोटीवर निम्म्या चुका न मोजता पकडत असे.

मुलीच्या उत्तरालाही हीच कसोटी लावून पाहा. तिच्या चौकोनाचे कर्ण समजा ७० अंशांत छेदतात. दोन्ही कर्ण खरेच अक्ष असते, तर चौकोन १४० अंश फिरवल्यावर स्वतःवर बसायला हवा होता. १४० अंश पुन्हा पुन्हा फिरवत गेल्यास १४०, २८०, ६०, २००, ३४०, १२० असे करत शेवटी २० अंशांचे घूर्णनही मिळते, म्हणजे कोटी १८ झाली. चार कोपऱ्यांची आकृती २० अंश फिरवून स्वतःवर बसणे अशक्य आहे, म्हणून दोन्ही कर्ण एकाच वेळी अक्ष असणे अशक्य आहे. कर्ण काटकोनात छेदत असतील तरच हिशेब जमतो, आणि तेव्हा तो चौकोन समभुज असतो.

दोन चौकोनी आरसे एका बाजूने चिकटपट्टीने जोडून पुस्तकासारखे उघडावेत आणि मध्ये एक चिंचोका ठेवावा. आरशांमधील कोन ६० अंश केला की चिंचोक्याची पाच प्रतिबिंबे दिसतात, म्हणजे खऱ्यासह सहा चिंचोके वर्तुळात मांडल्यासारखे होतात. ९० अंशांना एकूण चार. कोन कमी करत नेला की चिंचोके वाढत जातात. केशकर्तनालयात समोर आणि पाठीमागे असे समांतर आरसे असतात, तिथे कोनच नसल्यामुळे फिरणे होत नाही आणि प्रतिमा सरळ रांगेत दूरवर जात राहतात.

फिरवणे आहे पण उलथणे नाही, अशा आकृत्या आपल्याभोवती पुष्कळ आहेत, मात्र मुलांना त्या सहज ओळखता येत नाहीत, कारण त्यांची नजर आधी आरशाची सममिती शोधते. जत्रेत मिळणारे कागदाचे भिरभिरे घ्या. त्याची कोटी चार आहे, पण चारही पाती एकाच बाजूला वळलेली असल्यामुळे अक्ष एकही नाही. स्वस्तिकाचेही तसेच आहे. घरातील तीन पात्यांच्या पंख्याची कोटी तीन, आणि सौंदत्तीकडच्या माळावरील पवनचक्क्यांचीही तीनच. पात्याच्या एका कडेला वारा कापण्याचे काम असते, म्हणून ती पाती आरशासमोर सारखी दिसत नाहीत. ती तशी असती तर पंखा कोणत्या दिशेने फिरवावा, हे ठरलेच नसते. इंग्रजी एस, एन आणि झेड ही अक्षरे अर्ध्या फेरीत स्वतःवर बसतात, पण त्यांना अक्ष नाही. फुलांत सदाफुली आणि साधी तगर पाहावी. पाच पाकळ्या दिसल्या की मुले घाईने पाच अक्ष लिहितात; पण प्रत्येक पाकळी एका बाजूला झुकलेली असते, म्हणून कोटी पाच आणि अक्ष शून्य. जास्वंदीच्या पाकळ्याही एकावर एक अशा एकाच दिशेने चढलेल्या असतात. गोकर्णाचे फूल याच्या उलट, एकाच अक्षाचे आणि फिरवण्याची सममिती नसलेले. अर्थात फुलाची सममिती ही पुठ्ठ्यातून कापलेल्या आकृतीइतकी काटेकोर नसते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आपल्या आकड्यांतही एक गंमत आहे. ३ आणि ६ हे एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून न पटणाऱ्या दोघांमध्ये ‘छत्तीसचा आकडा’ आहे, असे आपण म्हणतो. ही पाठीला पाठ म्हणजे उभ्या अक्षाभोवतीची प्रतिबिंब सममितीच आहे, फक्त शेपट्या झाकल्या पाहिजेत, कारण छापील ३ आणि ६ या दोघांचीही शेपटी उजवीकडेच जाते.

वडगावच्या त्या मुलाचा प्रसंग असा. मी फळ्यावर दोन कोयऱ्या काढल्या होत्या आणि दोन्ही कोयऱ्या सारख्याच आहेत, म्हणून मधली रेषा हा अक्ष, असे सांगत होतो. प्रत्यक्षात मी दुसरी कोयरी पहिलीसारखीच, त्याच दिशेला वळलेली काढली होती. तो मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, ह्या दोन कोयऱ्या एकामागं एक चालल्यात. आमच्या मागावर अशा तोंडाला तोंड लावून येत्यात.’ त्याच्या वडिलांच्या मागावर जकार्ड, म्हणजे हुकांनी ठरावीक धागे उचलून नक्षी विणणारे यंत्र होते, आणि नक्षीच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर असलेले डावीकडचे व उजवीकडचे ताण्याचे धागे एकाच हुकाला बांधलेले होते. हूक उचलला की दोन्हीकडचे धागे एकदम उचलले जातात, म्हणून निम्म्या हुकांत संपूर्ण रुंदीची नक्षी विणली जाते आणि ती आपोआप आरशासारखी येते. मागावरची ती बांधणी म्हणजेच परावर्तनाची व्याख्या होती : प्रत्येक बिंदूला अक्षाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर एक जोडीदार. त्या दिवसापासून मी ‘दोन समान भाग’ हे वाक्य फळ्यावर लिहिणे बंद केले.

कोयरी हे या विषयासाठी फार चांगले चित्र आहे, कारण एकट्या कोयरीला कोणतीच सममिती नाही. दोन कोयऱ्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या की एक अक्ष मिळतो. त्याच दोन, एक सुलट आणि एक अर्धी फेरी फिरवलेली, अशा शेजारी ठेवल्या की अक्ष नाही, पण कोटी दोन मिळते. नुसत्या एकामागे एक ओळीने मांडल्या तर सरकण्याची सममिती मिळते, जिचा उपयोग साडीच्या काठात होतो. अशा लांबट, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या सममितीचे एकूण सातच प्रकार संभवतात, हे गणितात सिद्ध झालेले आहे. पण तो विषय सातवीच्या पुढचा आहे.

बेळगावच्या किल्ल्यात जाणे झाले तर मुलीला कमल बस्ती अवश्य दाखवावी. रट्ट घराण्यातील चौथ्या कार्तवीर्याच्या काळात, १२०४ साली, बिचिराज नावाच्या अधिकाऱ्याने हे जैन मंदिर बांधले. मंडपाच्या छतात दगडी कमळ आहे, त्यावरूनच मंदिराचे नाव पडले. या कमळाच्या ७२ पाकळ्या सांगितल्या जातात. ३६० ला ७२ ने भागले की ५ येतात. सर्व पाकळ्या सारख्या मानल्या तर हे कमळ दर ५ अंशांना स्वतःवर बसेल. पण या पाकळ्यांचा संबंध भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांशी आहे. पाकळीला तिच्या तीर्थंकरासह वेगळे ओळखायचे ठरवले, तर एकही पाकळी दुसरीसारखी राहत नाही आणि कोटी ७२ वरून एकदम १ वर येते. म्हणून ‘आकृती तशीच दिसली पाहिजे’ असे म्हणताना, आपण काय पाहायचे आणि काय दुर्लक्षित करायचे, हे आधी ठरवावे लागते. राष्ट्रध्वजाचेही असेच आहे. नुसता आयत म्हणून त्याला दोन अक्ष आणि कोटी दोन. रंग धरले तर अर्ध्या फेरीत केशरी पट्टा खाली जातो, म्हणून कोटी एक आणि फक्त उभा अक्ष उरतो. प्रश्नपत्रिकेत रंगीत आकृती असेल तर रंग धरायचा की नाही, हे प्रश्नात लिहिलेले असावे, आणि नसेल तर मुलांनी शिक्षकांना विचारावे.

राहिला चाचणीतील गुणांचा प्रश्न. तो गुण परत मिळावा म्हणून शाळेत जाण्यात अर्थ नाही, कारण विचारले होते ते अक्ष आणि अक्ष शून्यच आहेत. मात्र पुठ्ठ्याचे ते दोन त्रिकोण टाकून देऊ नयेत. मुलीला सांगावे, की हे दोन तुकडे आता पालथे न घालता आणि नंतर एक पालथा घालून, कर्णाची बाजू कर्णाला लावत, मिळतील तितक्या वेगवेगळ्या आकृत्या तयार कर. तिला दोन आकृत्या मिळतील, एक तिचा समांतरभुज चौकोन आणि दुसरा पतंग. दोन्ही वहीत चिकटवून पहिलीखाली ‘अक्ष ०, कोटी २’ आणि दुसरीखाली ‘अक्ष १, कोटी १’ असे तिने स्वतःच्या हाताने लिहावे.